काच पुसणारे हात

श्रोतेहो, उजेडाचा इतिहास सांगणारे लोक बहुतेक वेळा तीनच गोष्टी सांगतात. दिवा कुणी शोधला, तेल कुठून आलं आणि वीज कधी आली. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात वाद नाही. पण ज्यांचं बालपण कंदिलाच्या उजेडात गेलं, त्यांना एक चौथी गोष्टही ठाऊक असते. कंदील घरात होता, त्यात तेल होतं, वातही होती. तरी रात्री पुस्तकातलं अक्षर दिसायचं की नाही, हे काच कुणी आणि कशी पुसली यावर ठरायचं. आज मी या पुसण्याबद्दल बोलणार आहे. विषय अगदी किरकोळ वाटेल. पण आमच्या आटपाडीसारख्या गावात कैक पोरांचं शिक्षण या किरकोळ कामावर उभं राहिलं, असं मला इतिहासाचा शिक्षक म्हणून वाटतं.

आटपाडी म्हणजे माणदेश. पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. आज आमचा तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो, पण माझ्या लहानपणी ओळख दुष्काळाचीच होती. त्याआधी हा भाग औंध संस्थानात होता. हे संस्थान सलग नव्हतं; चार तुकडे चार दिशांना. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, आम्ही दक्षिण साताऱ्यात आलो आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. राज्यं बदलली, जिल्हे बदलले, पण संध्याकाळचं एक काम काही बदललं नाही. ऊन उतरलं, गुरं परतायची वेळ झाली, की घरोघरी कंदिलाच्या काचा बाहेर निघत. दिवेलागणीवर कविता झाल्या, अभंग झाले. दिवेलागणीच्या आधीचा हा अर्धा तास मात्र कुणाच्या लेखी आला नाही.

आधी ही काच आली कुठून, ते पाहू.

आपल्याकडे दिवा फार जुना. पणती, समई, दिवटी. पण या सगळ्या दिव्यांची ज्योत उघडी. वारा आला की मान टाकणार, भडकली की धूर सोडणार. ज्योतीभोवती काचेची नळी उभी केली तर हवेचा ओढ नीट होतो आणि ज्योत स्थिर, पांढरी जळते, ही गोष्ट युरोपात आर्गां नावाच्या स्विस माणसाच्या दिव्यानं 1780 च्या सुमारास रूढ केली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खनिज तेलातून केरोसीन निघू लागलं. 1860 नंतरच्या दशकात अमेरिकेत दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या असलेला कंदील तयार झाला. आपण त्या नळ्यांना कंदिलाच्या दांड्या समजत होतो. प्रत्यक्षात त्या श्वासनलिका होत्या. वरून हवा घेऊन ती खाली वातीपाशी पोचवणं, हे त्यांचं काम. म्हणून तर हा कंदील हातात धरून वाऱ्यातून गोठ्यात, मळ्यात, विहिरीवर नेता येई. समई घेऊन कुणी मळ्यात जाऊ शकत नाही.

म्हणजे कंदिलाची काच दोन कामं करते. वाऱ्यापासून ज्योतीला वाचवते आणि ज्योतीपासून घराला वाचवते. परदेशातल्या थंड मुलखात घरातल्या शेकोटीपुढं जो आडोसा लावतात, तोच हा आडोसा; फक्त वीतभर उंचीचा आणि हातात धरून नेता येणारा. आमच्या कडब्याच्या गंजी, पाल्याची छपरं, गवताचे भारे पाहिले, म्हणजे या आडोशाची किंमत लक्षात येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही काच आपल्याकडे बहुतेक बाहेरून येई. ऑस्ट्रिया, जर्मनी, जपान. बोटीतून मुंबईला, मुंबईहून रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं. इतका प्रवास करून आलेली काच गावात फुटली, की पुढच्या बाजारापर्यंत अंधार. स्वदेशीची चळवळ जोरात आली तेव्हा काचेचा विचार झाला तो यामुळेच. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेमागं आपलं वजन उभं केलं. त्या पैशापैशातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं प्रमुख होते. या कारखान्यानं काच तर केलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काच करणारी माणसं तयार केली. तिथं शिकलेले लोक पुढं देशभर पसरले.

मग 1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया आणि जर्मनी शत्रुपक्षात गेले आणि त्यांची काच यायची बंद झाली. देशी कारखानदाराला एरवी विदेशी मालापुढं उभं राहणं कठीण. ती वाट युद्धानं मोकळी केली. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. त्या कारखान्याभोवती वस्ती वाढली, तिचं नाव ओगलेवाडी. आजही रेल्वेनं कराडला उतरणारा माणूस ओगलेवाडीच्या शेजारीच उतरतो. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना उद्योगाची मोठी हौस. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, ती किर्लोस्करवाडी झाली. ओगल्यांनाही औंधचा आश्रय लाभला. एकानं नांगर दिला, दुसऱ्यानं दिवा. दुष्काळी मुलखातल्या राजानं याहून वेगळं काय मागावं?

ओगल्यांच्या कंदिलाचं नाव ‘प्रभाकर’. ओगले बंधूंच्या वडिलांचं नावही प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. बाळासाहेब पंत सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या प्रजेच्या घरात दिवसा सूर्यनमस्कार आणि रात्री खुंटीवर प्रभाकर, असा हा योग. आमच्याकडे कंदील आणायचा म्हणजे प्रभाकर आणायचा, असा प्रघात होता. आटपाडीपासून विट्यामार्गे कराड ऐंशी-नव्वद किलोमीटर. सातासमुद्रापलीकडची काच आता विट्याच्या पलीकडून येऊ लागली.

याच कारखान्याशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, ते ऐकून आजही अनेकांना नवल वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था त्यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले या गावी स्थापन केली. त्या काळात पोटासाठी आणि कामासाठी ते ओगल्यांच्या कारखान्याचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. पुढं किर्लोस्कर आणि कूपर यांच्या कारखान्यांशीही त्यांचा संबंध आला. काचमाल विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या या माणसानं खेड्यातली पोरं पाहिली, त्यांची बुद्धी पाहिली आणि त्यांच्या वाटेतला अंधार पाहिला. पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. काच विकणारा माणूस शाळा काढतो, यात मला योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. खेड्यात अभ्यास व्हायचा तो रात्रीच. दिवसा पोरगं गुरांमागं, नाहीतर रानात. म्हणून शाळेइतकाच दिवाही लागणार होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दिवा आला, काच आली. ती सांभाळली कुणी?

आमच्या घरी हे काम माझ्या आक्काकडे होतं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. काच पुसायचं काम पोरांकडेच का, याचं उत्तर काचेच्या आकारात आहे. कंदिलाची काच मध्ये फुगीर, दोन्ही तोंडांना अरुंद. मोठ्या माणसाचा पंजा आत जात नाही. गेला तर निघत नाही आणि निघाला तर काचेसकट निघतो. म्हणून लहान हात लागायचे. त्यातही मुलींचे, कारण मुलगे तोवर विटीदांडू घेऊन पसार झालेले असत.

आक्काची पद्धत ठरलेली होती. पहिला नियम, काच गार असली पाहिजे. “आदी गार हू दे, मग हात लाव,” हे तिचं वाक्य. गरम काचेला ओलं फडकं लागलं की तडा गेलाच. याचं कारण सोपं आहे. काच उष्णता लवकर पुढं जाऊ देत नाही. जिथं पाणी लागतं तेवढाच भाग एकदम आकसतो, बाकीचा फुगलेलाच राहतो, आणि या ओढाताणीत काच फाटते. कारखान्यातही फुंकून केलेली काच तशीच बाजूला ठेवत नाहीत. ती वेगळ्या भट्टीत सावकाश निववतात. नाहीतर आतला ताण तिच्यात राहतो आणि ती पुढं कधीतरी उगाच तडकते. आमच्याकडे काही घरांत नवी काच गार पाण्यात बुडवून ते पाणी सावकाश उकळत आणि काच त्यातच गार होऊ देत. कारखान्यातला निववण्याचा विचार असा चुलीपर्यंत आला होता.

दुसरा नियम राखेचा. राख चुलीतलीच, पण जशीच्या तशी नव्हे. आक्का ती जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेई. गाळून खाली पडेल ती पिठासारखी राख कामाची. वर राहील ती भांड्यांना. कारण राखेत एखादा खडा राहिला तर काचेवर ओरखडा उमटतो, आणि ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याचं बी. राखेनं काच का निघते, हे मी पुढं शाळेत शिकलो. लाकडाच्या राखेत क्षार असतो. काचेवरचा थर म्हणजे नुसती काजळी नसते, काजळी आणि तेलाचा चिकट लेप असतो. राखेतला क्षार त्या तेलकटपणाशी मिळून साबणासारखं काम करतो आणि राखेचे बारीक कण काजळी खरवडतात. एकाच चिमटीत साबणही आणि घासणीही. फुकट.

ओलसर फडक्यावर राख घेऊन आधी आतून, मग बाहेरून. हात गोल फिरवायचा, दाबायचा नाही. मग कोरडं मऊ फडकं. शेवटी वर्तमानपत्राचा कागद, मिळाला तर. आमच्या गावात तो सहज मिळत नसे. दुकानातून गूळ बांधून आलेला कागद जपून ठेवलेला असे. बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून काच दोन्ही तोंडांवर धरायची. मग ती आकाशाकडे धरून एक डोळा मिटून आरपार पाहायचं. कुठं डाग दिसला तर पुन्हा.

तिसरा नियम वातीचा, आणि तो पुष्कळ लोकांना माहीत नसायचा. काच रोज काळी होत असेल तर काचेला दोष देऊ नये, वात पाहावी. वात वाकडी कापली गेली असेल तर ज्योतीला एक शिंग फुटतं. त्या शिंगाचं टोक काचेला धुरानं माखतं. म्हणून वात कात्रीनं सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे. वातीखालच्या जाळीची भोकं धुळीनं नाहीतर मेलेल्या किड्यांनी बुजली असतील तर हवा कमी पडते, तेल पुरतं जळत नाही आणि न जळलेला भाग काजळी होऊन काचेवर बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा जाळी ब्रशनं झटकायची. आणि वात फार वर चढवायची नाही. जास्त वात म्हणजे जास्त उजेड, असं वाटतं. होतो जास्त धूर. काजळी ही खरं तर ज्योतीची तक्रार असते, काच ती फक्त लिहून ठेवते.

गंमत अशी, की हे शास्त्र नुसतं आमच्या माणदेशाचं नाही. माझी पुतणी हल्ली इंग्लंडमध्ये राहते. तिच्या घरात लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आहे आणि तिला पुढून काचेचं दार आहे. ती काच पहिल्या हिवाळ्यात काळीठिक्कर झाली. तिनं तिथल्या शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, वर्तमानपत्राचा बोळा ओला कर, शेगडीतल्याच गार राखेत बुडव आणि घास. पुतणीनं मला फोन करून ही युक्ती कौतुकानं सांगितली. मी म्हटलं, बाई, ही युक्ती तुझ्या आत्याची आहे. तिथल्या शेगडीची काच आपल्या कंदिलासारखी साधी नसते. ती खास प्रकारची, तापली तरी जवळजवळ न फुगणारी असते, म्हणून शेकडो अंशांची आच सोसते. पण नियम तेच. काच गार हवी, राख बारीक हवी, आणि काच वारंवार काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा आगीला हवा कमी पडते आहे, असं समजावं. आग कुठल्याही देशातली असो, तिचा स्वभाव एक.

पण श्रोतेहो, काच सगळ्यांच्या घरात नव्हती, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही.

कितीतरी घरांत कंदील नव्हता, चिमणी होती. चिमणी म्हणजे पत्र्याची डबी किंवा औषधाची रिकामी बाटली, तिच्या बुचाला भोक, भोकातून चिंधीची वात. भोवती काच नाही. ही ज्योत धूर ओकते. सकाळी पोराच्या नाकपुड्या काळ्या. डोळे चुरचुरतात. आणि ती कलंडली तर घोंगडीला, झोपडीला, अंगावरच्या कापडाला आग. काचेचा आडोसा नसणं म्हणजे काय, ते अशा घरांना विचारावं. गावाच्या नकाशात जशी घरांची उतरंड होती, तशीच दिव्यांची होती. वाड्यात हंड्या आणि मोठे दिवे, मधल्या आळीत कंदील, आणि गावकुसाबाहेर चिमण्या. त्याच गावकुसाबाहेरून, आटपाडीच्या महारवाड्यातून, 1921 मध्ये जन्मलेले शंकरराव खरात शिकून वकील झाले, पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1984 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं असेल, त्यांना त्या वाटेवरच्या अंधाराची कल्पना आहे. तो अंधार नुसता रात्रीचा नव्हता.

आणि ज्या घरांत काच होती, तिथंही तिचा उजेड सारखा वाटला जात नव्हता. आमच्या घरी कंदील एक. तो मधल्या घरात खुंटीवर. त्याच्या उजेडात मी आणि माझा थोरला भाऊ पाढे म्हणायचो, धडे वाचायचो. आक्का तेव्हा चुलीपुढं. तिथं कंदील नव्हता. तिथं जाळाचाच उजेड. कंदिलाची तेलाची टाकी खाली असते, म्हणून बरोबर कंदिलाखाली गोल सावली पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाबद्दल वापरतो. आमच्या घरांत ती शब्दशः खरी होती. काच पुसणारी पोर चौथी झाल्यावर शाळेतून निघाली. काचेच्या उजेडात बसणारी पोरं मॅट्रिक झाली. हे माझ्याच घरी झालं असं नाही. त्या पिढीतल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला विचारा, तुमच्या घरी काच कोण पुसायचं? बहुतेक ठिकाणी एका बहिणीचं नाव निघेल. मग विचारा, ती कितवीपर्यंत शिकली?

हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आईवडिलांच्या समोर दुष्काळ होता, तेल मापानं मिळत होतं आणि लग्नाचं वय लवकर येत होतं. पण इतिहास लिहायचा तर हिशोब पुरा लिहावा. ओगलेवाडीच्या भट्टीत काच फुंकणारे कारागीर जसे उजेडाच्या इतिहासात आहेत, तशी ही आठ-दहा वर्षांची पोरही त्यात असली पाहिजे.

एक दिवस मात्र हा उजेड थोडा फिरला. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं ती राज्यभर गेली. गावानं गाव साक्षर करायचं, अशी ती कल्पना. मोठ्या माणसांचे वर्ग रात्री भरत. कारण दिवसा कुणाला सवड? रात्रीचा वर्ग म्हणजे पुन्हा कंदील आलाच. आमच्या आळीत बायकांचा वर्ग भरे, तेव्हा एकेका घरानं आळीपाळीनं कंदील आणायचा, असं ठरलं होतं. आमची पाळी असली की आक्का काच अशी चकचकीत करी, की कंदिलात काच आहे की नाही, असा प्रश्न पडावा. आणि या वर्गाला ती स्वतः कंदिलाच्या उजेडात बसे. तिची चौथी झालेली होती. त्यामुळे आईसारख्या बायकांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं काम तिच्याकडे आलं. आई सही करायला शिकली ती त्या उजेडात. पुढं आयुष्यभर तिनं अंगठा उठवला नाही.

मग वीज आली. 1962 पासून कोयनेची वीज मिळू लागली. सह्याद्रीच्या पोटात, आमच्या शेजारच्या जिल्ह्यात तयार होणारी वीज आमच्या माणदेशी वाड्यावस्त्यांपर्यंत पोचायला मात्र बरीच वर्षं लागली. तारा आल्या तरी दिवे रोज लागतीलच, असं नव्हतं. त्यामुळे कंदील एकदम गेला नाही. तो माजघरातून ओसरीवर गेला, ओसरीवरून गोठ्यात गेला, मग माळ्यावर. 2005 नंतर काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनानं कहर केला, तेव्हा माळ्यावरचे कंदील पुन्हा खाली आले. नव्या सुनांनी विचारलं, याची काच पुसतात कशानं? पुढं बॅटरीचे दिवे स्वस्त झाले, रेशनवरचं रॉकेल आटत गेलं आणि कंदिलाचं काम खरोखर संपलं. ओगलेवाडीचा कारखानाही त्याआधीच बंद पडला होता. नाव तेवढं राहिलं, गावाच्या पाटीवर आणि जुन्या कंदिलांच्या पत्र्यावर.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे पाहायला मिळतात. नाना तऱ्हांचे, सुंदर. असे संग्रह झाले म्हणून वस्तू वाचल्या, याबद्दल आपण ऋणी असलं पाहिजे. पण संग्रहालयात दिवा ठेवता येतो. दिव्याची रोजची निगा ठेवता येत नाही. राख गाळायचं फडकं, गुळाचा कागद, आकाशाकडे धरलेली काच, हे कुठल्या कपाटात ठेवणार? ते फक्त माणसांच्या आठवणीत असतं आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

तुमच्या घरी माळ्यावर एखादा कंदील असेल तर भंगारात देऊ नका. तो खाली काढा. टाकीत जुनं तेल असेल तर ते काढून टाका, कारण साचलेल्या तेलात पाणी आणि गंज उतरतो. वात बदला, सरळ कापा. जाळी झटका. काच गार पाण्यानं भिजवून, गाळलेल्या राखेनं किंवा राख नसेल तर थोड्या साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडी करा, मगच बसवा. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं वात बारीक ठेवा. काचेला सावकाश तापू द्या. आणि पेटता कंदील बंद खोलीत ठेवून झोपू नका. एवढं केलंत तर जुनी काचही कितीतरी वर्षं टिकेल.

आणि हे सगळं करताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा. तिला कंदिलाबद्दल विचारू नका, कंदिलाबद्दल सगळेच सांगतात. तिला विचारा, काच पुसायला तू कितव्या वर्षी लागलीस, आणि त्या उजेडात वाचत कोण होतं? ती जे सांगेल ते लिहून घ्या, तिच्या नावासकट. आपल्या घरांचा तेवढा इतिहास अजून लिहायचा राहिला आहे.